नाव बदला, पण जुना पत्ता सोडू नका!

समजा, कॉलेज करता करता तुम्ही तिघा मित्रांनी कोल्हापुरी चपलांचा ऑनलाइन व्यवसाय काढलाय. नाव ठेवताना फार डोकं चालवलं नाही. गल्लीचं नाव घेतलं, त्याच नावाचं डोमेन घेतलं आणि झकास बिझनेस ईमेल सुरू केला. पुण्या-मुंबईहून ऑर्डरी यायला लागल्यावर मात्र वाटलं, आता ब्रँडला भारी नाव पाहिजे. नवं डोमेन घेतलं. पण ईमेलचं काय?

पहिला विचार येतो तो नवं अकाउंट उघडायचा आणि जुनं बंद करायचा. थांब भावा! गिऱ्हाइकांचे मेल, बिलं, फोटो सगळं जुन्यातच आहे.

नवं अकाउंट काढायची गरजच नसते. गुगल वर्कस्पेस वापरत असाल, तर ॲडमिन कन्सोलमध्ये नवं डोमेन आधी दुसरं डोमेन म्हणून जोडायचं. ते आपलंच आहे हे दाखवायला डोमेनच्या सेटिंगमध्ये टीएक्सटी रेकॉर्ड टाकायचं. मेल कुठे पोहोचवायचा हे सांगणारं एमएक्स रेकॉर्ड बदलायचं. आपले मेल स्पॅममध्ये पडू नयेत म्हणून एसपीएफ आणि डीकेआयएमही लावायचं. हे बदल सगळीकडे पोहोचायला कधी दोन-तीन दिवसही लागतात, त्यामुळे ऐन दिवाळीच्या सीझनमध्ये हा उद्योग नको. मग नवं डोमेन ‘प्रायमरी’ करायचं.

इथं एक गंमत आहे. प्रायमरी डोमेन बदललं म्हणून प्रत्येकाचा ईमेल पत्ता आपोआप बदलत नाही. तो वेगळा बदलावा लागतो. बदलल्यावर जुना पत्ता टोपणनावासारखा सोबत राहतो आणि त्यावर आलेला मेलही त्याच इनबॉक्समध्ये पडतो. जुने मेल जागेवरच राहतात.

खरा धोका पुढे आहे. ‘आता काय उपयोग?’ म्हणून जुन्या डोमेनचं वर्षाचं भाडं भरलं नाही, तर मुदत संपल्यावर ते कुणीही विकत घेऊ शकतो. मग तुमच्या जुन्या पत्त्यावर येणारे मेल त्याच्याकडे जातील. इन्स्टाग्राम त्याच ईमेलवर असेल, तर ‘पासवर्ड विसरलात?’ एवढं दाबून तो आत शिरू शकतो. म्हणून बँक, जीएसटी, पेमेंट ॲप, सोशल मीडिया, सगळीकडे आधी नवा ईमेल नोंदवा. त्यानंतरही जुनं डोमेन काही वर्षं चालू ठेवा.

डोमेनच्या नावाला किती किंमत असते, हे बँकांकडे बघून कळतं. फसव्या वेबसाइटना आळा बसावा म्हणून रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितलं. सहकारी बँकाही त्यात आल्या. हे नाव फक्त बँकांनाच मिळतं, त्यामुळे ते बघूनच खरं-खोटं ओळखायला मदत होते.

आपल्याला असं खास नाव मिळणार नाही. आपलं नाव आपणच सांभाळायचं. दुकान राजारामपुरीतून शाहूपुरीत हलवलं, तर जुन्या शटरवर नव्या पत्त्याची पाटी लावतोच की. आणि जुन्या दुकानाची किल्ली? ती कुणाच्या हातात देत नाही!