इंजिन रुसलं तर

शिडाच्या होडीमागचं चार-पाच अश्वशक्तीचं इंजिन नेमकं बंदराच्या तोंडाशी बंद पडतं. पाना उचलण्याआधी लाल दोरीची सुरक्षा-क्लिप जागेवर आहे का, ते पाहा. ती निघालेली असेल तर कितीही झटके मारा, इंजिन सुरू होणार नाही. सुरू होऊन काही मिनिटांतच बंद पडत असेल, तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू तपासा. तो बंद राहिला, तर टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल पुढे सरकत नाही.

सगळ्यात जास्त छळतं ते शिळं पेट्रोल. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा शोषतं, आणि पावसाळाभर पडून राहिलेल्या इंजिनाच्या कार्बोरेटरमधली बारीक जेट चिकट थराने बुजते. मग इंजिन चोकवरच चालतं. मोसम संपताना कार्बोरेटर रिकामा करायचं काम अगदी थोड्या वेळाचं, म्हणूनच बहुतेकदा राहून जातं.

मागची पाण्याची बारीक धार थांबली, तर इंजिन लगेच बंद करा. धारेच्या भोकात तार घालून मीठ-वाळू काढा. तरीही धार नसेल, तर पंपातला रबरी इम्पेलर गेला असावा. लाटेवर इंजिन नुसतंच किंचाळत असेल, तर पंखा पाण्याबाहेर येतोय. माणसं मागे बसवा.