राग म्हणजे गोळी नव्हे

शास्त्रीय संगीत शिकलेला एखादा तरुण कलाकार दुसऱ्याच्या मनाला आधार देऊ शकतो का? देऊ शकतो. पण कसा, आणि कुठे थांबायचं, हे आज समजून घेऊ. त्यासाठी आपण बेंगळुरूच्या बनशंकरीत जाणार आहोत.

बनशंकरी हे नाव आपल्याला परकं नाही. बदामीजवळची बनशंकरी कित्येक मराठी घरांची कुलदेवी आहे. तिच्याच नावाचं देऊळ बेंगळुरूच्या दक्षिणेला कनकपुरा रस्त्यावर आहे आणि आजूबाजूची वस्तीही त्याच नावाने ओळखली जाते. दक्षिण बेंगळुरू म्हणजे गाण्याचा मुलूख. शंभर वर्षांहून जुना गायन समाज याच भागात आहे. आणि इथून काही किलोमीटरवर, होसूर रस्त्याला, मनाच्या आजारांवर उपचार आणि संशोधन करणारी निम्हान्स ही राष्ट्रीय संस्था आहे. तिथे डॉ. शांतला हेगडे यांनी संगीत आणि मेंदू यांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभी केली. त्या मेंदू आणि वर्तन यांच्या तज्ज्ञ आहेत आणि हिंदुस्थानी गाणंही शिकलेल्या आहेत. म्हणजे हा विषय नुसत्या श्रद्धेचा उरलेला नाही.

गाण्याने नेमकं काय होतं? तीन गोष्टी होतात.

पहिली श्वासाची. आपण एरवी मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. खर्जातला षड्ज आठ-दहा सेकंद लावून धरला की हाच वेग पाच-सहावर येतो. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते. गाणं म्हणजे बहुतांशी लांबवलेला उच्छ्वासच! इटलीतल्या संशोधकांचा २००१ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि योगातला मंत्र, दोन्ही म्हणताना लोकांचा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला होता. भाषा वेगळी, धर्म वेगळा, पण श्वासाची लय एकच.

दुसरी गोष्ट लक्षाची. मन खचलेलं असताना तेच ते विचार डोक्यात घोळत राहतात. ‘विचार करू नकोस’ म्हणून ते थांबत नाहीत. तानपुरा लावला आणि ‘तुझा सा त्यात मिसळतोय का, ऐक’ एवढंच सांगितलं, की मनाला एक लहानसं काम मिळतं. काही मिनिटं का होईना, ते चक्र सैल होतं.

तिसरी गोष्ट सोबतीची. भजनात एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. इथे कुणाला आपलं दुःख उघडं करावं लागत नाही. तरीही आपण एकटे नाही, हे कळतं.

आता, यात ‘अमुक आजारावर अमुक राग’ असा तक्ता कुठेच आला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. का नाही, ते एका उदाहरणाने सांगतो. आपला भैरव घ्या. पहाटेचा, गंभीर. त्याच स्वरांचा मायामाळवगौळ बेंगळुरूतलं लहान मूल कर्नाटक संगीताच्या पहिल्या धड्यात शिकतं, मग सकाळ असो की संध्याकाळ. सूर तेच. एकाला त्यात देवळातली पहाट आठवते, दुसऱ्याला शाळा सुटल्यावरची शिकवणी. मग एकच राग सगळ्यांवर गोळीसारखा सारखा कसा लागू पडेल? म्हणून ऐकणाऱ्याला आधी विचारावं: तुम्हाला काय ऐकायला आवडतं? काय ऐकवत नाही?

संगीतोपचाराचे पुरावे काय सांगतात? २०१७ साली नैराश्यावरच्या नऊ अभ्यासांचा, एकूण ४२१ रुग्णांचा, एकत्रित आढावा घेतला गेला. नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिली, तर नुसत्या उपचारांपेक्षा थोड्या काळापुरता जास्त फायदा दिसला. यातला ‘जोड’ हा शब्द पक्का लक्षात ठेवा. उपचारांच्या ऐवजी नव्हे, उपचारांसोबत. शिवाय संगीतोपचार हे प्रशिक्षण घेऊन करायचं काम आहे. सुरेल गाता येणं त्याला पुरेसं नाही.

हे इतकं बजावून सांगण्याचं कारण आहे. निम्हान्सच्या पुढाकाराने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. वेगवेगळ्या मानसिक विकारांमध्ये ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना असल्याचं त्यात आढळलं. जिथे डॉक्टरपर्यंत पोचणंच इतकं अवघड, तिथे ‘राग ऐका, गोळ्या सोडा’ हे वाक्य एखाद्याच्या जिवावर बेतू शकतं.

मग तरुण गायक-वादकाने काय करावं? अर्ध्या तासाची बैठक ठेवावी. स्वर खालचा, लय संथ असावी. ऐकवण्यापेक्षा म्हणून घेण्यावर भर द्यावा. बेसूर झालं तरी दुरुस्त करू नये, ही परीक्षा नव्हे. कुणाला रडू आलं तर थांबावं, पाणी द्यावं, शेजारी बसावं. औषधांबद्दल एक अक्षरही बोलू नये. आणि कुणाची झोप-भूक दोन आठवडे उडाली असेल, तर त्याला डॉक्टरकडे न्यावं. मरणाची भाषा कानावर आली तर मात्र क्षणभरही वाट पाहू नये. त्याला एकटं न सोडता लगेच मदत मिळवावी.

यासाठी एक क्रमांक लिहून ठेवा: १४४१६. ही सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. चोवीस तास, विनामूल्य, आणि मराठीतूनही बोलता येतं. तुम्ही नागपुरात असा, बेळगावात की बनशंकरीत, क्रमांक हाच.

साथसंगत करणारा कलाकार मुख्य गायकाला उचलून धरतो, त्याची जागा घेत नाही. मनाच्या आजारात संगीताचं कामही तेच. चांगला साथीदार असला की मैफल तरून जाते, हे गाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.