उंट घेणे सोपे, सांभाळणे कठीण



बेर शेवाहून दिमोनाला जाताना रस्त्याच्या कडेला चरणारे उंट आपण सर्वांनीच पाहिले आहेत. नातवंडे विचारतात, "हे कोणाचे? यांना कोण सांभाळतं?" त्यांना उत्तर देता यावे म्हणून ही थोडी माहिती.

नेगेवमधले उंट एका मदारीचे असून ते बेदुइन लोकांचे असतात. पूर्वी उंट हेच त्यांचे वाहन होते. आता ओझी ट्रक वाहतात. उंट पाळतात ते दूध, मांस, शर्यती आणि पर्यटकांना फिरवण्यासाठी.

जाणकार माणूस उंट विकत घेताना प्रथम त्याचे तोंड उघडतो. पाचव्या वर्षाच्या सुमारास पुढचे दुधाचे दात पडून पक्के दात येऊ लागतात. सातव्या वर्षापर्यंत ते पुरे होतात. यावरून वय कळते. मग तो मदार पाहतो. मदारीत पाणी नसते, चरबी असते. ती भरीव असेल तर जनावराला खाणे मिळाले आहे. एका बाजूला लोंबत असेल तर उपासमार किंवा आजार समजावा. खरूज आहे का, हे काखेत व मांड्यांच्या आत पाहतात.

मादीला नेहमी अधिक मान. ती सुमारे तेरा महिने गाभण राहते, एकच पिल्लू देते आणि पुढचे पिल्लू साधारण दोन वर्षांनी. त्यामुळे कळप फार सावकाश वाढतो. पिल्लू जवळ नसेल तर ती सहसा पान्हा सोडत नाही. नर हिवाळ्यात माजावर येतो, तोंडाला फेस आणतो आणि चावतो. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

"उंटाला काय, काटे खातो, पाण्यावाचून राहतो, खर्च कसला?" असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. त्याला दिवसाचे सहा-आठ तास चरायला हवे, इतर जनावरांपेक्षा मीठ जास्त हवे, आणि दुष्काळात चारा विकत आणावा लागतो. तहानलेला उंट दहा मिनिटांत सुमारे शंभर लिटर पाणी पितो. बेरेशीथच्या २४ व्या अध्यायात रिबकेने अब्राहामाच्या सेवकाच्या दहा उंटांना पाणी पाजले. हिशेब करा, म्हणजे त्या मुलीने घागरीने किती पाणी वाहिले ते ध्यानात येईल!

आपल्याला मात्र उंटाचे मांस व दूध दोन्ही वर्ज्य. तो रवंथ करतो, पण त्याचा खूर दुभंगलेला धरत नाहीत.

खरी अडचण आहे ती मोकाट सोडलेल्या उंटांची. रात्री उंट रस्त्यावर येतो. त्याचा रंग वाळूसारखा, आणि मोटारीचे दिवे पडतात ते फक्त बारीक पायांवर. धडक बसली की पाय मोडतात आणि चारपाचशे किलोचे धड थेट समोरच्या काचेवर येते. अशा अपघातांत माणसे दगावली आहेत. म्हणूनच २०१८ साली क्नेसेतने कायदा करून उंटाच्या कातडीखाली चिप बसवणे व त्याची नोंद करणे मालकावर बंधनकारक केले. जनावर कोणाचे, हे आता लपवता येऊ नये हा हेतू.

हा विचार नवा नाही. शेमोथच्या २१ व्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैल मारका आहे असे बजावूनही मालकाने त्याला आवरले नाही, तर दोष मालकाचा. उंटालाही तोच न्याय लागू पडतो. ज्याला चारा, पाणी आणि राखण जमत नाही, त्याने उंट घेऊ नये.

आणि आपण काय करावे? उंटाच्या चित्राची पाटी दिसली की मुलाला वा नातवाला गाडी हळू हाकायला सांगा. एक उंट रस्ता ओलांडून गेला तरी थांबा. मागून दुसरा येत असतो. रस्त्यावर मोकाट उंट दिसला तर १०० नंबरवर पोलिसांना कळवा. त्या एका फोनने कोणाचा तरी जीव वाचेल.