चारित्र्य पडताळणी : गुन्ह्याहून जड ठरणारे मौन

व्यापारी घराण्यांतील मुले-मुली आता पेढीबाहेर पडून संरक्षण, अणुऊर्जा, पोलीस व प्रशासन या क्षेत्रांतही जाऊ लागली आहेत. निवड झाल्यावर त्यांच्यापुढे साक्षांकन नमुना येतो. कधी अटक झाली होती काय, खटला चालला होता काय, न्यायालयाने दंड केला होता काय, एखादा खटला प्रलंबित आहे काय, असे प्रश्न त्यात असतात. खोटी माहिती देणे वा माहिती दडविणे ही अपात्रता ठरेल, अशी सूचनाही त्यात असते.

या टप्प्यावर घरातील वडीलधारी मंडळी सांगतात, “प्रकरण केव्हाच मिटले, आता कशाला लिहायचे?” सल्ला मायेपोटी दिलेला असतो; पण तोच पुढे घात करतो. भाऊबंदकीच्या भांडणात फिर्यादीत घरातील सर्वांचीच नावे घातली जातात. धनादेश न वटल्याचा खटलाही फौजदारी स्वरूपाचाच असतो. तडजोड झाली म्हणून नोंद पुसली जात नाही, आणि पडताळणी करणारे पोलीस ती नोंदच पाहतात.

या विषयावर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल परस्परविरोधी होते. अखेर ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात 2016 मध्ये त्रिसदस्य पीठाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. अटक असो, दोषसिद्धी असो वा प्रलंबित खटला, दिलेली माहिती खरीच असली पाहिजे. कोवळ्या वयात घोषणा दिल्यासारखा क्षुल्लक गुन्हा दडविला गेला असेल, तर नियोक्ता तिकडे दुर्लक्ष करू शकतो. गुन्हा गंभीर असेल तर उमेदवारी रद्द होऊ शकते, लागलेली नोकरीही जाऊ शकते. पद जितके वरचे, तितकी कसोटी कडक. जी माहिती विचारलीच नव्हती, ती दडविल्याचा ठपका मात्र ठेवता येत नाही.

सत्य सांगितले म्हणजे नियुक्ती मिळेलच, असेही नाही. खटला संपलेला असला तरी पूर्वचारित्र्य तपासण्याचा नियोक्त्याचा अधिकार कायम राहतो. पुरेशा पुराव्याअभावी सुटका आणि निष्कलंक निर्दोषत्व यांत तो भेद करू शकतो. तरीही सांगणाऱ्याची बाजू गुणदोषांवर तोलली जाते. दडविणाऱ्यावर अप्रामाणिकपणाचा दुसरा आरोप येतो, आणि पुष्कळदा मूळ प्रकरणापेक्षा तोच जड जातो.

अल्पवयीनांना कायद्याचे विशेष संरक्षण आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 24 नुसार बालपणीच्या गुन्ह्यामुळे पुढे अपात्रता येत नाही. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या ज्या मुलाला बाल न्यायालयाने प्रौढाप्रमाणे खटला चालवून दोषी ठरविले असेल, तो याला अपवाद आहे.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने काही पथ्ये पाळावीत. घरातील तरुणाचे नाव कोणत्याही फिर्यादीत आले असेल, तर निकालपत्राची व तडजोडीच्या आदेशाची प्रमाणित प्रत जपून ठेवावी. नमुना भरण्यापूर्वी प्रत्येक प्रश्न वकिलासमवेत वाचावा. नमुना दिल्यानंतर अटक झाली वा खटला उभा राहिला, तर तेही तत्काळ कळवावे. आणि मुलाने “हे लिहू का?” असे विचारले, तर त्याला आधी प्रश्न नीट वाचायला सांगावे, विचारले असेल, तर ते लिहिलेच पाहिजे.