बोईसरहून ताडोब्याला निघताना: आधी मेमरी कार्ड बघा

बोईसरहून ताडोब्याला जायचं म्हणजे राज्याच्या या टोकाहून त्या टोकाला जायचं. रजा मंजूर करून घ्यायची, सफारीचं बुकिंग कितीतरी आधी करायचं, लेन्सवर महिनाभर खल करायचा. मेमरी कार्ड मात्र निघायच्या आदल्या दिवशी घाईघाईत घेतलं जातं. मीही तेच केलं होतं. १२८ जीबीचं कार्ड जवळपास अर्ध्या किमतीत मिळालं, म्हणून घेतलं. पहिली सफारी नीट झाली. दुसऱ्या सफारीत वाघीण रस्त्यावर आली, पाणवठ्याकडे वळली, मी मनसोक्त फोटो काढले. रात्री लॅपटॉपवर बघितलं तर सकाळचे फोटो जागेवर, संध्याकाळच्या फायलींची नावं दिसत होती, पण एकही उघडेना. नुसत्या करड्या चौकटी.

ते कार्ड बनावट होतं. अशा कार्डात चिप असते ८ किंवा १६ जीबीची, पण आतला कंट्रोलर कॅमेऱ्याला १२८ सांगतो. खरी जागा संपेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. त्यानंतरचे फोटो एक तर कुठेच लिहिले जात नाहीत, नाहीतर आधीच्या फोटोंवर लिहिले जातात. कॅमेरा काहीच तक्रार करत नाही. म्हणून कार्ड घ्यायचं ते ओळखीच्या दुकानातून, पक्क्या बिलावर. शिवाय घरी तपासून. ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ नावाचा विंडोजवर चालणारा फुकट प्रोग्रॅम आहे. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतो. रिकाम्या, नव्या ६४ जीबी कार्डाला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. त्यानंतर कार्ड कॅमेऱ्यात घालून कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं.

आता कार्डावरच्या आकड्यांकडे. ठळक छापलेला १७० किंवा २०० हा आकडा वाचण्याचा वेग असतो, म्हणजे फोटो लॅपटॉपवर उतरवताना कामाला येणारा. जंगलात आपल्याला हवा असतो लिहिण्याचा वेग. तो सांगणारी खूण बारीक असते: ‘व्ही ३०’ म्हणजे व्हिडिओ चालू असताना सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी, ‘व्ही ६०’ म्हणजे ६०, ‘व्ही ९०’ म्हणजे ९०. इंग्रजी यू अक्षराच्या पोटात ३ चा आकडा असेल तर तीही ३० एमबीचीच हमी.

हा वेग कशाला लागतो, ते बोईसरच्या एमआयडीसीत काम करणाऱ्याला चटकन समजेल. मशीन माल काढतंय, पण ट्रक पुरेसे येत नाहीत. थोडा वेळ माल गोडाऊनमध्ये मावतो. गोडाऊन भरलं की मशीन थांबवावं लागतं. कॅमेऱ्यातलं गोडाऊन म्हणजे बफर. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल साधारण २५ एमबीची धरा. सेकंदाला १० फोटो काढले तर २५० एमबी तयार होतात आणि चांगलं यूएचएस-१ कार्ड त्यातले ८० एमबी उचलतं. तीन सेकंद बोट दाबून धरलं की ७५० पैकी ५०० एमबीच्या वर माल बफरमध्ये अडकतो. बटण दाबलेलंच असतं, कॅमेरा मात्र अडखळतो, आणि वाघ नेमका तेव्हाच वळून बघतो.

यावर महागडं कार्ड हा एक उपाय. पण यूएचएस-२ कार्डाच्या मागे पिनांची दुसरी रांग असते, आणि कॅमेऱ्याच्या स्लॉटमध्येही ती असेल तरच त्याचा वेग मिळतो. नसेल तर ते यूएचएस-१ सारखंच चालतं, जास्तीचे पैसे वाया. तेव्हा आधी कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक उघडा. दुसरा उपाय बिनखर्चाचा: चार-पाच फोटोंचे छोटे बर्स्ट, मध्ये क्षणभर श्वास. माझ्या मते बहुतेकांना खरं व्ही ३० कार्ड पुरतं.

जागा किती हवी? एका सफारीत ६०० फोटो धरले तर १५ जीबी. चार सफारींचे ६० जीबी. पण लॅपटॉपवर ६४ जीबीचं कार्ड जेमतेम ५९-६० दाखवतं. म्हणून ६४ जीबीची तीन कार्डं घ्या, २५६ जीबीच्या एकाच कार्डावर सगळी भिस्त नको. दोन स्लॉट असतील तर दोन्हींकडे एकाच वेळी फोटो लिहायला लावा. भरलेल्या कार्डाची बाजूची लॉकची पट्टी खाली सरकवून ते वेगळ्या डबीत ठेवा. फोटोंच्या दोन प्रती झाल्याशिवाय ते फॉरमॅट करायचं नाही. चुकून फोटो उडालेच, तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका. ते तसंच बाजूला ठेवलं तर परत मिळण्याची आशा असते.

बाकीचं सामान थोडकंच. ताडोब्याच्या कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे भिस्त कॅमेऱ्यावरच. १००-४०० ची लेन्स बहुतेक ठिकाणी पुरते, क्रॉप सेन्सरवर ती ६०० सारखी काम देते. जिप्सीत ट्रायपॉड उघडायला जागा नसते. त्याऐवजी कापडी बीनबॅग रिकामी न्या, मुक्कामी पोचल्यावर तांदूळ भरा आणि दांडीवर ठेवा. उन्हाळ्यात धूळ इतकी उडते की गाडीत लेन्स बदलायचा विचारच नको. कॅमेऱ्यावर उशीचा जुना अभ्रा घाला. जास्तीच्या दोन बॅटऱ्या घ्या.

आणि जायच्या आधी एक सकाळ सातपाटीच्या बंदरावर काढा. होड्या आल्या की घारी आणि बगळे जमतात, हिवाळ्यात कुरवही येतात. उडत्या घारीवर फोकस धरायची आणि बर्स्ट आवरायची याहून चांगली तालीम मला माहीत नाही. घरी आल्यावर कॅमेरा किंचित ओल्या फडक्याने पुसा, खारा वारा वाईट. तारापूरच्या अणुशक्ती केंद्राच्या आसपास मात्र कॅमेरा बॅगेतच राहू द्या, तिथे फोटोला मनाई आहे.

ताडोबा मंगळवारी बंद असतो, पावसाळ्यात कोअरही बंद. तारखा त्या हिशोबाने धरा, आणि नवं कार्ड आणलं असेल तर आज रात्रीच तपासणीला लावा.