कुऱ्हाडीला गाल कशाला?

एक पैज लावूया. समोर गुडघ्याइतक्या उंचीचा एक सुका, सरळसोट ओंडका उभा आहे. शेजारी दोन कुऱ्हाडी ठेवल्या आहेत. पहिली पातळ आणि लखलखीत, धार अशी की कागदसुद्धा कापावा. दुसरी जाडजूड, धारेच्या मागे लगेच फुगत गेलेली, आणि धार म्हणाल तर बेताचीच. एका घावात ओंडक्याची दोन शकलं कोणती कुऱ्हाड करेल?

पहिली? बघा हं. ती वरून येते, खच्चकन आत घुसते आणि तिथेच रुतून बसते. आता पाय लावून, दांडा हलवून हलवून ती उपसत बसा! मग दुसरी येते. खाड्! दोन शकलं दोन बाजूंना उडाली. पैज जाडीनं जिंकली.

असं कसं झालं? कुऱ्हाडीकडे नंतर जाऊ. आधी लाकडाच्या आत डोकावूया, कारण कुऱ्हाडीचा आकार ठरवतं ते लाकूडच.

झाडाला मुळांतलं पाणी शेंड्यापर्यंत पोचवायचं असतं आणि वाऱ्यात ताठ उभंही राहायचं असतं. म्हणून त्याच्या खोडात लांबट, पोकळ पेशी खालून वर अशा उभ्या रचलेल्या असतात. देवदार, पाइन अशा झाडांत यातली एकेक पेशी साधारण ३ ते ५ मिलिमीटर लांब असते. आंबा, साग अशा झाडांचे तंतू याहून आखूड, सुमारे एका मिलिमीटरचे. पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या चिवट धाग्यांनी बनलेल्या असतात. शेजारच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवतं ते लिग्निन. सेल्युलोजचे धागे ओढून तोडणं महाकठीण. पण दोन पेशींना एकमेकींपासून सोडवणं त्या मानानं पुष्कळच सोपं.

म्हणजे उभं झाड आडवं तोडायचं असेल, तर लाखो तंतू खरोखर कापावे लागतात. तिथे पातळ, धारदार कुऱ्हाडच हवी. ओंडका उभा फोडताना मात्र तंतू कापायचेच नसतात. त्यांना फक्त बाजूला सारायचं असतं. काम वेगळं, म्हणून हत्यारही वेगळं.

हे बाजूला सारणं कसं चालतं ते स्वयंपाकघरात ऐकू येतं. घरात कुणी लाल भोपळा चिरत असेल तेव्हा कान देऊन ऐका. सुरी थोडी आत जाते, मग एकदम ‘कट्’ असा आवाज होतो आणि भोपळ्याला भेग पडते. ती भेग सुरीच्या धारेच्या पुष्कळ पुढे पळालेली असते! पुढच्या भागाला धारेनं स्पर्शही केलेला नाही. मग तो फाटला कशानं? सुरीच्या जाडीनं. तिच्या दोन बाजूंनी भोपळ्याला दोन दिशांना ढकललं आणि भेग आपली आपण पुढे धावली.

ओंडक्यातही हेच होतं. धारेचं काम पहिल्या क्षणापुरतं, भेगेला जन्म देण्यापुरतं. भेगेच्या टोकाशी सगळा ताण एकवटतो, त्यामुळे ती पुढे सरकायला फार जोर लागत नाही. १९२१ साली ॲलन ग्रिफिथ नावाच्या इंग्रज अभियंत्यानं काचेवर प्रयोग करून हे गणितानं मांडलं. वस्तू किती मजबूत आहे हे तिच्यातल्या बारीकशा भेगा ठरवतात, असं त्यानं दाखवलं. लाकूड फोडणारे लोक हेच तत्त्व हजारो वर्षं हातानं वापरत आले होते.

आता कुऱ्हाडीच्या डोक्याची नीट ओळख करून घेऊ. पुढे असते ती धार. मागे बोथट भाग असतो तो तुंबा. दांडा बसवायचं भोक म्हणजे नेढं. आणि धारेपासून नेढ्याकडे फुगत जाणाऱ्या दोन बाजू म्हणजे कुऱ्हाडीचे गाल. फोडायच्या कुऱ्हाडीत खरे पैलवान हे गालच!

गाल किती फुगीर असावेत? शाळेच्या पुस्तकात साध्या यंत्रांमध्ये पाचर असते ना, ती आठवा. कुऱ्हाड म्हणजे दांड्याला लावलेली पाचर. समजा एका पाचरीचा कोन २० अंशांचा आहे आणि दुसरीचा ३० अंशांचा. दोघीही लाकडात ५ सेंटिमीटर गेल्या. पहिलीनं लाकूड सुमारे पावणेदोन सेंटिमीटर उघडलं, दुसरीनं जवळजवळ २.७ सेंटिमीटर. म्हणजे जाड पाचर तेवढ्याच खोलीत जास्त उघडते.

मग ६० अंशांचीच पाचर का करू नये? कारण इथे देवाणघेवाण आहे. घर्षण मुळीच नसतं तर २० अंशांच्या पाचरीनं प्रत्येक बाजूला आपल्या घावाच्या जवळजवळ २.८ पट जोर लावला असता, आणि ३० अंशांच्या पाचरीनं सुमारे १.९ पट. ६० अंशांची पाचर एक पटही लावू शकत नाही. ती आत शिरतच नाही, टणकन उडून परत येते. पातळ पाचर जोर वाढवते पण थोडंच उघडते. जाड पाचर भरपूर उघडते पण जोर वाढवत नाही. कुऱ्हाड घडवणाऱ्याला दोन्ही गोष्टी हव्या असतात.

म्हणून तो युक्ती करतो. धारेजवळचा भाग बराच निमुळता ठेवतो, म्हणजे कुऱ्हाड सहज शिरते. त्यामागे गाल एकदम फुगवतो. भेग पडते न पडते तोच जाडी येऊन धडकते आणि शकलं दूर फेकते.

पातळ कुऱ्हाड का रुतली, याचं उत्तरही गालांतच आहे. लाकूड थोडं लवचीक असतं. कुऱ्हाड आत आली की ते तिला दोन्हीकडून आवळतं. या आवळण्यात दोन गोष्टींची रस्सीखेच चालते. गाल उतरते असल्यामुळे ते आवळणं कुऱ्हाडीला वर, बाहेर ढकलायला बघतं. आणि लाकूड व पोलाद यांच्यातलं घर्षण तिला तिथेच धरून ठेवायला बघतं. गाल सपाट आणि कोन लहान असेल तर घर्षण जिंकतं आणि कुऱ्हाड रुतते. कोन मोठा असेल तर ढकलणं जिंकतं. शिवाय फुगीर गाल लाकडाला थोड्याच जागी टेकतो. त्यामुळे आत गेलेली कुऱ्हाड मोकळी करणंही सोपं जातं.

आता वजनाकडे वळू. जितकी जड कुऱ्हाड तितकी चांगली, असं वाटतं ना? गणित करून बघू. हलणाऱ्या वस्तूची ऊर्जा म्हणजे अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. समजा २ किलोचं डोकं सेकंदाला १० मीटर वेगानं खाली आलं, तर ऊर्जा झाली १०० ज्यूल. आता ४ किलोचं डोकं घ्या. ते उचलता उचलता दमछाक होते, म्हणून वेग उतरून समजा सेकंदाला ७ मीटर झाला. ऊर्जा किती? ९८ ज्यूल! वजन दुप्पट केलं, हात दुखले आणि पदरात जवळजवळ तेवढीच ऊर्जा पडली. वेगाचा वर्ग होतो, वजनाचा होत नाही. पण फार हलकं डोकंही उपयोगाचं नाही, कारण आपला हात काही हवा तितका वेग देऊ शकत नाही. त्यामुळे वजन मधलंच कुठेतरी ठेवावं लागतं. फोडण्यासाठी खास बनवलेल्या जड घणकुऱ्हाडींची डोकी साधारण २.५ ते ३.५ किलोंची असतात.

आणि हे १०० ज्यूल काय करतात पाहा. तेवढी ऊर्जा घेऊन आलेली कुऱ्हाड लाकडात २ सेंटिमीटर जाऊन थांबली, तर तिनं लावलेला सरासरी जोर होतो ५००० न्यूटन. म्हणजे धारेच्या त्या अरुंद रेघेवर ५०० किलोंचं वजन ठेवल्यासारखंच झालं! एवढा जोर माणसाच्या दोन हातांतून येतो, कारण हात लांबवर फिरून ऊर्जा साठवतात आणि कुऱ्हाड ती दोन सेंटिमीटरांत खर्च करते.

एवढे धक्के खायचे तर पोलाद कसं हवं? फार कडक असेल तर गाठीवर आपटून धारेचा टवका उडेल. फार मऊ असेल तर धार दुमडेल. आपल्याकडे कितीतरी लोहार ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे भट्टीत तापवून त्यांच्या कुऱ्हाडी आणि कोयते घडवतात. धारेचा भाग लालभडक करून ते त्याला ‘पाणी देतात’. पोलाद झटकन थंड झालं की कडक होतं. मग बेताची ऊब देऊन त्याचा ठिसूळपणा कमी करतात. नेढ्याकडचा भाग मात्र चिवटच राहू देतात, म्हणजे तो धक्के सोसतो. एकाच लोखंडी तुकड्याच्या दोन टोकांना दोन स्वभाव देणं, हे या कारागिराचं कसब आहे.

नेढं ही गोष्टही साधी समजू नका. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१ च्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. तिथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी सापडल्या आहेत. त्यांना नेढं नाही. अशी कुऱ्हाड दांड्यात खोचावी किंवा बांधावी लागते. जोरात घाव घालायचे तर डोकं दांड्याला पक्कं धरून राहिलं पाहिजे, आणि ते काम पुढे नेढ्यानं केलं.

इतकी जुनी वस्तू, आता तिच्यात नवं काय करणार? फिनलंडमधल्या हेइक्की कार्ना यांना हा प्रश्न पडला आणि त्यांनी एक वेगळीच कुऱ्हाड बनवली. तिच्या डोक्याचं वजन एका बाजूला जास्त असतं. धार लाकडात शिरून थांबते, पण बाजूचं वजन खाली जातच राहतं. त्यामुळे डोकं झटकन कुशीवर वळतं आणि तरफेसारखं शकल उचकटून काढतं. पाचरीला तरफ जोडली! दोन साधी यंत्रं एका घावात कामाला लागली.

लाकूड फोडण्याची कला सरपणापुरतीच राहिली असंही समजू नका. हजार वर्षांपूर्वी उत्तर युरोपातले व्हायकिंग लोक ओकच्या जाडजूड खोडात पाचरी ठोकून ते आधी अर्धं, मग पाव, मग आणखी बारीक फोडत आणि त्यातून जहाजांच्या फळ्या काढत. करवतीशिवाय! करवत तंतू मध्येच कापत जाते. फोडलेल्या फळीत तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात, म्हणून फळी पातळ असूनही चिवट असते. डेन्मार्कमधल्या रोस्किल्ड गावच्या संग्रहालयानं याच पद्धतीनं सुमारे ३० मीटर लांबीचं जहाज बांधलं. २००४ साली ते पाण्यात उतरलं आणि २००७ साली समुद्र पार करून डब्लिनला पोचलं.

मात्र चांगल्या कुऱ्हाडीलाही लाकूड वाचता येणारा माणूस लागतो. ओंडक्याच्या तोंडावर मध्यापासून सालीकडे गेलेल्या चिरा दिसतात ना? लाकूड वाळताना वर्तुळांच्या दिशेनं जास्त आकसतं आणि मध्यापासून सालीच्या दिशेनं कमी, म्हणून त्या पडतात. जाणकार माणूस घाव त्याच चिरेवर घालतो, कारण भेग तिथे आधीच तयार असते. गाठ तो टाळतो. गाठ म्हणजे फांदीचं मूळ. तिथले तंतू खोडाच्या तंतूंना आडवे जातात आणि भेगेची वाट अडवतात. काही झाडांचे तंतू तर एका थरात डावीकडे आणि पुढच्या थरात उजवीकडे कलत वाढतात. असं लाकूड फोडणाऱ्याचा घाम काढतं.

आता सगळ्यात मजेची गोष्ट. कुठलीही कुऱ्हाड वरून पाहा. दांड्याच्या माथ्यावर, नेढ्याच्या आत, बहुतेक वेळा एक छोटी पाचर ठोकलेली दिसेल. ती दांडा फुगवून डोक्याला घट्ट धरते. एकाच हत्यारात दोन पाचरी! मोठीनं कधी रुतू नये म्हणून तिला फुगीर गाल दिले. छोटीनं कधी निसटू नये म्हणून तिला सडपातळ ठेवलं. घर्षणाचा तोच नियम एकीच्या विरुद्ध जातो आणि दुसरीला मदत करतो. डोकं उडू नये म्हणून ही एवढीशी पाचर किती महत्त्वाची, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

करून पाहा

कुऱ्हाड मोठ्यांच्याच हातात राहू द्या. आपला प्रयोग शाडूच्या मातीचा. मातीच्या दोन पाचरी करा. एक सडपातळ, रुंदीच्या पाचपट लांब. दुसरी ढब्बू, लांबीच्या दीडपट रुंद. त्या पूर्ण वाळू द्या. जाड पुठ्ठ्याची दोन सारखी पुस्तकं एकमेकांना टेकवून त्यांना दोन रबरबँड लावा. आता दोन पुस्तकांच्या फटीत आधी सडपातळ पाचर दाबा आणि सोडा. मग ढब्बू पाचर दाबा आणि सोडा. कोणती बसून राहते? कोणती बाहेर येते? मग पाचरींना टाल्कम पावडर लावून पुन्हा करा. काय बदललं ते वहीत लिहा.

आणि शेवटी तुमच्यासाठी एक काम. गाठींनी भरलेला, तंतू उलटसुलट कललेला एक हट्टी ओंडका डोळ्यांपुढे आणा. त्याच्यासाठी कुऱ्हाडीचं डोकं तुम्ही कसं घडवाल? धार किती निमुळती, गाल किती फुगीर, वजन किती, आणि ते कोणत्या बाजूला? चित्र काढा आणि प्रत्येक वळणाशेजारी त्याचं कारण लिहा. कारण सापडलं की समजा, तुमची कुऱ्हाड अर्धी घडलीच.