बंदूक थांबली, आता बांध राखा



माधवनगरहून बुधगाव-कवलापूरच्या वाटेला एकदा पहाटे लागा. एखाद्या रुंद, गवताळ बांधावरून चढ्या सुरात हाक येते, 'कतीतर, कतीतर!' हा तित्तर. पुढच्या शिवारात बांध खरवडून गुळगुळीत केलेला असेल, तर तिथे सगळे चिडीचूप. या पाखराचा वैरी कोण, असे विचारले की आपण चटकन म्हणतो, शिकारी. एके काळी ते खरेही होते. आज त्याचे उत्तर आपल्याच बांधावर शोधावे लागते.

दोस्तांची शिकार

पूर्वी थंडी पडली की चार-पाच दोस्त मिळून माळाला निघत. कोणाकडे ठासणीची बंदूक असे. नळीच्या तोंडातून दारू, चिंधी आणि छर्रे भरायचे, गजाने ठासायचे, मागे टोपी लावायची, तेव्हा कुठे एक बार. वाड्यावरच्या मंडळींकडे बर्मिंगहॅमची दुनळी बारा बोअर. हे 'बारा' कसले? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्यात नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी.

तित्तर उडण्यापेक्षा पळण्यात पटाईत. एका झुडपात शिरला की दुसऱ्यातून निघतो. लावा मात्र पाय पडेपर्यंत दबून बसतो आणि मग सगळा थवा भुर्रकन चहूकडे फुटतो. म्हणून संस्थानिक आणि साहेब लोक विलायती पॉइंटर कुत्री बाळगत. हे कुत्रे वाऱ्यावर पाखराचा वास धरते आणि एक पाय उचलून पुतळ्यासारखे उभे राहते. आपल्याकडचे नावाजलेले मुधोळचे कारवानी कुत्रे निराळे. त्याची शिकार नाकाची नव्हे, नजरेची. ते सशामागे धावणारे. 2005 साली टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. पुढे लष्करानेही त्याला शिकवायला घेतले.

विलायतेत वूडकॉक नावाच्या लांब चोचीच्या पाखराची अशी शिकार आजही चालते. तेच पाखरू हिवाळ्यात हिमालयातून निलगिरीपर्यंत येते, आणि इंग्रज तिथेही त्याच्या मागे जात. आपल्या माळाचा मान मात्र तित्तर-लाव्याचा.

कायदा काय सांगतो?

1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. तरी काही पाखरांच्या शिकारीला परवाने मिळत. 1991 च्या दुरुस्तीने तेही संपले. शिकार म्हणजे केवळ गोळी घालणे नव्हे, हे घरातल्या पोरांनाही सांगा. फास लावणे, जाळे टाकणे, अंडी उचलणे किंवा फोडणे, घरटे विस्कटणे, हीसुद्धा कायद्याने शिकारच. कैद आणि दंड दोन्ही होऊ शकतात. हौसेखातर तित्तर पिंजऱ्यात ठेवणेही चालत नाही.

जुन्या शिकाऱ्यांचे ज्ञान

जुना शिकारी मोकळ्या रानात वेळ घालवत नसे. तो जाई बाभळीच्या बेटाकडे, घाणेरीच्या जाळीकडे, गवताच्या ताटव्याकडे. पाखरू कुठे बसते ते त्याला ठाऊक होते. ते ज्ञान आता पाखरू राखायला वापरायचे.

तित्तर रात्री काटेरी झाडावर बसतो, पण घरटे करतो जमिनीवर. गवताच्या बुडख्यात उथळ खळगा, त्यात चार ते आठ अंडी. हा काळ मुख्यतः उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतचा, आणि नेमके तेव्हाच आपण बांध पेटवतो! तो खातो काय? वाळवी, नाकतोडे, भुंगेरे, अळ्या, गवताचे बी आणि सांडलेले धान्य. पिल्ले तर बहुतेक किड्यांवरच वाढतात. पेरलेले चार दाणे तो उकरतो, हेही खरे. त्याच्यामुळे फवारणी वाचेल असे मी म्हणणार नाही. पण बिनपगारी राखणदार कोण हाकलतो?

एवढे करा

1. बांध पेटवू नका. सगळे बांध एकाच वेळी खुरपू नका. निदान एका बांधावर गवत आणि बाभळ-बोरीचे झुडूप राहू द्या. माती वाहून जायची थांबेल, शेळीला पालाही मिळेल.

2. उसाचे पाचट जाळू नका. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघते. ते सरीत आच्छादा, कुजवा. खोडव्याची ओल टिकते, जमिनीला सेंद्रिय खत मिळते आणि आतली घरटीही वाचतात.

3. कापणी कडेकडून आत नेऊ नका. मधून बाहेर काढत या, म्हणजे पाखरांना पळायला वाट राहते.

4. औषध चोळलेले बियाणे वर सांडले, तर लगेच मातीआड करा.

5. पिल्लांच्या दिवसांत राखणीचे कुत्रे मोकळे रानात सोडू नका.

भिंतीवरची बंदूक

आजोबांची दुनळी घरात असेल, तर तिचा परवाना आज कोणाच्या नावावर आहे ते आधी पाहा. परवानाधारक वारला, तर वारसाने ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून नव्या परवान्यासाठी अर्ज करावा. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला सामान्यतः दोनच हत्यारे ठेवता येतात. जुन्या नळीवर नागमोडी रेषांची नक्षी दिसली, तर ती लोखंडी पट्ट्या पिळून केलेली, काळ्या दारूसाठीची नळी समजा. तिच्यात आजचे काडतूस कधीही भरू नका. नळी फुटून हात जाईल. ती आठवण म्हणून कायद्याने सांभाळा.

यंदा एकच बांध राखून पाहा. गवत वाढू द्या, झुडूप दाटू द्या, आणि पहाटे धार काढायला उठाल तेव्हा त्या बाजूला कान द्या.